महाग पैसा, रिकामे हात : जमैकाची तीन दशके

व्याज हा शब्द उच्चारला की आपल्या डोळ्यांपुढे दोन माणसे उभी राहतात : एक देणारा आणि दुसरा घेणारा. सावकाराची वही, गहाण पडलेला दागिना, बँकेचे पासबुक, मुदत संपत आलेली ठेव ही सारी त्या दोघांच्याच व्यवहारातील चित्रे होत. ज्याने कधी कर्ज काढले नाही आणि ज्याच्यापाशी ठेवायला दमडीही नाही, असा एक तिसरा माणूस या चित्राच्या कडेला उभा असतो, याचे भान आपल्याला सहसा राहत नाही. तो म्हणजे काम शोधीत फिरणारा बेकार. व्याजाचा दर ठरविताना त्याला कोणी विचारीत नाही. त्या दराची किंमत मात्र पुष्कळदा तोच मोजतो.

ही किंमत कशी मोजली जाते हे पाहावयाचे तर मोठ्या राष्ट्रांचा इतिहास फारसा उपयोगी पडत नाही. तेथे शेती, उद्योग, युद्ध, शोध अशी कारणे एकमेकांत इतकी गुंतलेली असतात की व्याजदराचा धागा वेगळा काढणे अवघड जाते. लहान देशात तो धागा उघड दिसतो. म्हणून आम्ही येथे कॅरिबियन समुद्रातील जमैका या बेटाची कथा सांगण्याचे योजिले आहे. क्षेत्रफळ सुमारे ११ हजार चौरस किलोमीटर आणि १९९० च्या सुमारास लोकसंख्या २४ लाखांच्या आसपास, असा हा देश. किंग्स्टनचे सबीना पार्क मैदान आणि मायकेल होल्डिंग, कोर्टनी वॉल्श यांची गोलंदाजी यांमुळे मराठी वाचकाला त्याचे नाव अपरिचित नाही. त्याच किंग्स्टनमध्ये १९९० नंतरच्या दशकात महाग पैशाचा एक दीर्घ अध्याय घडला. तो घडविणारी माणसे अडाणी नव्हती, त्यांचा हेतूही वाईट नव्हता. म्हणूनच त्याचा विचार करणे अगत्याचे वाटते.

स्वस्त पैशाच्या काळातील बेकारी

प्रथमच एक गैरसमज दूर केला पाहिजे. व्याजदर कमी असले की कामे आपोआप निर्माण होतात, असे जमैकाचा इतिहास सांगत नाही.

ऊसमळे आणि गुलामगिरी यांच्या पायावर उभे राहिलेले हे बेट ६ ऑगस्ट १९६२ रोजी ब्रिटिश सत्तेपासून स्वतंत्र झाले. १९५२ पासून तेथून बॉक्साइटची निर्यात सुरू झाली होती आणि थोड्याच वर्षांत जमैका जगातील प्रमुख उत्पादकांपैकी एक बनला होता. पर्यटनही वाढत होते. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकात राष्ट्रीय उत्पन्न वाढले, बँकांचे व्याजदरही आजच्या मानाने बेताचेच होते. तरीही १९७२ पर्यंत बेकारी वीस टक्क्यांच्या वर गेली. ऊसमळ्यांतून सुटलेला मजूर शहरात येई. पण बॉक्साइटच्या खाणीला मोठमोठी यंत्रे लागतात, माणसे थोडीच लागतात. संपत्ती जमिनीतून निघत होती आणि माणसे तशीच काठावर उभी होती.

याच प्रदेशातील सेंट ल्यूशिया बेटाचे सुपुत्र सर आर्थर लुईस यांनी १९५४ मध्येच या प्रश्नावर बोट ठेवले होते. पारंपरिक क्षेत्रात माणसे गरजेपेक्षा अधिक असतील, तर आधुनिक क्षेत्रातील भांडवल वाढेल त्या गतीनेच त्यांना काम मिळेल, असा त्यांच्या सिद्धांताचा गाभा होता. लुईस पुढे वेस्ट इंडीज विद्यापीठाचे कुलगुरू झाले आणि १९७९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांच्या विचाराचा व्यवहारातला अर्थ असा की, नफ्यातून पुन्हा कारखाना, कारखान्यातून पुन्हा काम, ही साखळी अखंड राहिली पाहिजे. ही कडी नेमकी कोठे तुटते, हा आमच्या कथेचा विषय आहे.

१९७२ मध्ये पंतप्रधान झालेले मायकेल मॅन्ली यांनी शिक्षण, घरे, जमीन यांवर मोठा खर्च केला. १९७३ च्या तेलसंकटाने आयातीचे बिल फुगले. १९७४ मध्ये बॉक्साइटवर कर बसवून त्यांनी उत्पन्न वाढविले, पण खर्च त्याहूनही वेगाने वाढला. तूट भरून काढण्यासाठी नोटा आणि कर्ज यांचा आधार घ्यावा लागला. १९७७ मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीशी पहिला मोठा करार झाला आणि १९८० मध्ये संबंध तुटले. त्या वर्षीच्या रक्तरंजित निवडणुकीत मॅन्ली पराभूत झाले, तेव्हा बेकारी २७ टक्क्यांच्या आसपास पोचली होती. पुढे एडवर्ड सिआगा यांच्या कारकिर्दीत अवमूल्यन झाले, सरकारी नोकऱ्या कमी झाल्या आणि विदेशी कर्ज मात्र वाढतच गेले. ऋण काढून सण करण्याची सवय दोन्ही पक्षांना होती. सणाचे नाव तेवढे वेगळे.

दार उघडले तेव्हा

१९८९ मध्ये मॅन्ली पुन्हा निवडून आले, ते बदललेले मॅन्ली होते. बाजार खुला केल्याखेरीज गत्यंतर नाही, अशी त्यांची खात्री झाली होती. सप्टेंबर १९९० मध्ये परकीय चलनाचा व्यवहार बँकांकडे सोपविण्यात आला आणि सप्टेंबर १९९१ मध्ये चलननियंत्रणे रद्द झाली. मध्यवर्ती बँकेची गंगाजळी तेव्हा जवळजवळ रिकामी होती. १९९० मध्ये एका अमेरिकन डॉलरला आठाच्या आसपास जमैकी डॉलर पडत. १९९१ च्या अखेरीस वीसहून अधिक मोजावे लागू लागले.

मोठ्या देशात चलनाची घसरण वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर राहते. जमैकात ती दुसऱ्या आठवड्यात स्वयंपाकघरात शिरते. गव्हाचे पीठ बाहेरून, तांदूळ बाहेरून, तेल बाहेरून. अकी या फळाबरोबर खावयाचा तो राष्ट्रीय पक्वान्नातला खारवलेला कॉड मासासुद्धा उत्तरेकडील थंड समुद्रातून आलेला. १९९१ या एका वर्षात महागाई ८० टक्क्यांनी वाढली. ज्याची मजुरी आठवड्याला ठरलेली आहे, त्याचे निम्मे जेवण जणू कोणी ताटातून काढून घेतले.

मार्च १९९२ मध्ये प्रकृतीच्या कारणाने मॅन्ली पायउतार झाले आणि पी. जे. पॅटरसन पंतप्रधान झाले. त्याच सुमारास एक अपूर्व घटना घडली. हॉटेल व्यावसायिक गॉर्डन ‘बुच’ स्टुअर्ट यांनी दर आठवड्याला दहा लाख अमेरिकन डॉलर बाजारभावापेक्षा स्वस्त दराने बँकेत विकण्याचे जाहीर केले. त्यांचे पाहून इतरही पुढे आले, सामान्य लोकही घरातले डॉलर घेऊन बँकेत गेले आणि काही काळ जमैकी डॉलर सावरला. एका माणसाच्या शब्दाने चलन सावरते, याचाच अर्थ असा की चलनामागे सोन्यापेक्षा विश्वास उभा असतो. पण विश्वासाची अशी उधारी किती दिवस पुरणार? १९९३ मध्ये घसरण पुन्हा सुरू झाली.

आता मध्यवर्ती बँकेच्या हाती एकच हत्यार उरले : व्याज. जमैकी चलनात पैसा ठेवणाऱ्याला इतके व्याज द्यावयाचे की त्याने डॉलर विकत घेण्याचा विचारच सोडून द्यावा. सरकारी हुंड्यांचे दर चढत गेले. बँकांना आपल्या ठेवींचा मोठा भाग रोख रकमेत आणि सरकारी कागदात अडकवून ठेवण्याची सक्ती झाली. उरलेल्या पैशावर त्या साहजिकच अधिक व्याज आकारू लागल्या. १९९४ मध्ये बँकांच्या कर्जाचा सरासरी दर पन्नास टक्क्यांच्या घरात गेला.

पन्नास टक्के म्हणजे काय?

हा आकडा वाचून पुढे जाणे सोपे आहे. तो समजून घेण्यासाठी आम्ही एका काल्पनिक शिवणकारखान्याचे उदाहरण घेऊ. मालकाने कापड, दोरा आणि मजुरी यांसाठी एक लाखाचे कर्ज काढले, तर वर्षाच्या शेवटी पन्नास हजार केवळ व्याजाचे. असा नफा कोणत्या प्रामाणिक धंद्यात होतो? आयात केलेला माल दोन महिन्यांत विकून मोकळा होणारा व्यापारी ते व्याज झेलू शकतो, कारण वर्षाकाठी त्याचा पैसा सहा वेळा फिरतो. जमिनीच्या किमती वाढतील या आशेवर जुगार खेळणाराही क्षणभर झेलू शकतो. ज्याला झाड लावून तीन वर्षे फळाची वाट पाहावयाची आहे, किंवा यंत्र घेऊन मुलींना ते चालवावयास शिकवावयाचे आहे, त्याला ते झेपणे शक्य नाही.

दुसरी बाजू त्याहून बोलकी आहे. ज्याच्यापाशी पैसा होता, त्याला सरकारी कागदावर वर्षाला तीस-चाळीस टक्के घरबसल्या मिळत होते. ना कामगारांचा तंटा, ना वीज जाण्याची चिंता, ना चोरीचे भय. अशा वेळी दहा माणसांना कामावर ठेवून कारखाना चालविणारा मनुष्य व्यवहारदृष्ट्या मूर्ख ठरतो. लुईस यांनी सांगितलेली कडी येथे तुटली. नफा होत होता, पण त्यातून कारखाना उभा राहत नव्हता. त्यातून आणखी कागद विकत घेतला जात होता.

आणखी एक बारकावा लक्षात घेतला पाहिजे. कर्जाचा खरा भार पाहावयाचा तर व्याजातून महागाई वजा करावी लागते. १९९४ मध्ये कर्जाचा दर ४९ टक्क्यांच्या आसपास, तर महागाई २७ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे खरा भार ढोबळमानाने २२ टक्के. १९९७ मध्ये कर्जाचा दर ३३ टक्क्यांवर उतरला आणि महागाई ९ टक्क्यांवर आली. खरा भार २४ टक्के झाला. वर्तमानपत्रांत व्याजदर उतरल्याची बातमी होती आणि कर्जदाराच्या खांद्यावरचे ओझे मात्र वाढले होते.

शिवाय उंच व्याजाने चलन स्थिर झाले खरे, पण देशातील मजुरी आणि खर्च वाढत असताना डॉलरचा भाव जवळजवळ थांबून राहिल्याने निर्यातदाराचा माल परदेशात महाग ठरू लागला. किंग्स्टनच्या मुक्त व्यापार क्षेत्रात आणि इतरत्र अमेरिकेसाठी कपडे शिवणारे कारखाने होते. १९९० नंतरच्या दशकाच्या मध्यास त्यांत तीस हजारांहून अधिक कामगार होते व त्यांत स्त्रियांचा भरणा मोठा होता. १९९४ मध्ये उत्तर अमेरिकेचा मुक्त व्यापार करार अमलात आला आणि मेक्सिकोला फायदा झाला. इकडे महाग पैसा आणि महाग चलन. या दोन दगडांत सापडून तो उद्योग भरडला गेला. पुढच्या काही वर्षांत त्यातील बहुसंख्य नोकऱ्या नाहीशा झाल्या. सगळा दोष व्याजाचा होता असे आम्ही म्हणणार नाही. पण वादळ आले तेव्हा घराचे वासे व्याजाने आधीच पोखरलेले होते, एवढे खरे.

सावकारही बुडाले

व्याज वाढले की देणारा तरी सुखी असतो, असा समज आहे. जमैकाने तोही खोटा ठरविला. महागाईच्या काळात बँका आणि विमा कंपन्या यांनी अल्प मुदतीच्या ठेवी गोळा करून जमीन, हॉटेले आणि इमारती यांत पैसा घातला होता. महागाई ओसरली, जागांच्या किमती थबकल्या आणि ठेवीदाराला द्यावयाचे व्याज मात्र उंचच राहिले. कर्जदार थकले. डिसेंबर १९९४ मध्ये ‘ब्लेझ’ ही वित्तसंस्था कोलमडली, जुलै १९९६ मध्ये सेंच्युरी नॅशनल बँक सरकारने ताब्यात घेतली आणि मग भीतीचे लोण पसरले.

जानेवारी १९९७ मध्ये सरकारने ‘फिन्सॅक’ ही कंपनी स्थापून वित्तसंस्थांना वाचविण्याचे काम हाती घेतले. ठेवीदारांचे पैसे वाचले, हे श्रेय तिला दिलेच पाहिजे. पण या कामाचा खर्च देशाच्या एका वर्षाच्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे चाळीस टक्के झाला. थकलेली कर्जे गोळा करून २००२ मध्ये एका अमेरिकन खरेदीदाराला विकण्यात आली. ज्यांची घरे आणि कारखाने तारण होते, त्यांच्या मागे वसुली आणि लिलाव लागले. मूळ रकमेवर व्याज आणि व्याजावर व्याज चढून कर्ज कित्येक पट झाल्याच्या तक्रारी पुढे चौकशी आयोगासमोर लोकांनी मांडल्या. बंद पडलेल्या प्रत्येक दुकानाबरोबर दोन-चार नोकऱ्या गेल्या. बँकांच्या विलीनीकरणात शिकल्यासवरलेल्या कारकुनांवरही घरी बसण्याची पाळी आली. १९९६ पासून तीन वर्षे अर्थव्यवस्था वाढण्याऐवजी आकसत राहिली.

न हललेला आकडा

आता वाचक साहजिकच विचारील की या दशकात बेकारी किती वाढली. उत्तर चकित करणारे आहे. ती जवळजवळ वाढलीच नाही. १९९२ मध्ये ती १५.७ टक्के होती, १९९७ मध्ये १६.५ आणि २००० मध्ये १५.५. मग आम्ही इतका वेळ सांगितले ते सारे व्यर्थ का?

नाही. आकडा हलला नाही, कारण त्याच्या आतली माणसे हलत होती. पहिली वाट विमानतळाची. अमेरिका, कॅनडा आणि ब्रिटन येथे हजारो जमैकी दर वर्षी स्थलांतर करीत होते. परिचारिका, शिक्षक आणि कुशल कारागीर त्यांत पुढे होते. जो देश सोडून जातो, तो देशाच्या बेकारीच्या यादीतून वजा होतो. दुसरी वाट घराची. दशकाच्या उत्तरार्धात काम करणाऱ्या किंवा मागणाऱ्या प्रौढांचे प्रमाणच घटले. जमैकाच्या गणनेत काम हवे असूनही शोध सोडून दिलेल्यांना बेकारांतच धरीत, ही तिची प्रामाणिक रीत. पण ज्याने इच्छाही सोडली, तो कोणत्या रकान्यात जाणार? तिसरी वाट बाजाराची. कॉरोनेशन मार्केटमध्ये आणि रस्त्यांच्या कडेला माल मांडून बसणाऱ्या ‘हिग्लर’ स्त्रियांची परंपरा तेथे गुलामगिरीच्या काळापासून आहे. कारखाना सुटला की चार टोपल्या माल घेऊन बसावयाचे; सरकारी कागदावर ती ‘स्वयंरोजगारी’ ठरते.

या स्त्रियांना बँकेचे पन्नास टक्के व्याज परवडत नव्हते आणि बँक त्यांना दारातही उभी करीत नव्हती. त्यांचा आधार होता ‘पार्डनर’. आपल्याकडील भिशीचेच हे भावंड : दहावीस जणांनी दर आठवड्याला ठरावीक रक्कम टाकावयाची आणि पाळीपाळीने एकाने ती सगळी उचलावयाची. व्याज नाही, तारण नाही. केवळ शेजारधर्म आणि शब्दाची लाज. देशातील सर्वांत महाग पैशाच्या काळात गरिबांनी आपल्यापुरता बिनव्याजी पैसा निर्माण केला होता. तथापि भिशीतून टोपलीभर माल येतो, कारखाना येत नाही, ही तिची मर्यादाही सांगितली पाहिजे.

बेकारीचे ओझे सर्वांवर सारखे नव्हते. पुरुषांत ती दहा टक्क्यांच्या आसपास असताना स्त्रियांत वीसहून अधिक होती आणि तरुणांत त्याहूनही जास्त. शाळा संपवून बाहेर पडलेल्या मुलीच्या दृष्टीने ‘न हललेला आकडा’ याचा अर्थ एवढाच की तिच्यासाठी रिकामी जागा झालीच नाही.

या धोरणाच्या बाजूनेही एक वजनदार साक्ष आहे आणि ती दडविणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. १९९१ मध्ये जमैकातील सुमारे ४५ टक्के लोक दारिद्र्यरेषेखाली होते. १९९९ मध्ये हे प्रमाण १७ टक्क्यांवर आले. अर्थव्यवस्था थिजलेली असताना गरिबी कमी झाली. याचे मोठे कारण म्हणजे महागाई ८० टक्क्यांवरून ७ टक्क्यांच्या खाली आली आणि ज्यांच्या हाती काम होते त्यांच्या मजुरीला पुन्हा किंमत आली. परदेशातून आप्तांनी पाठविलेला पैसाही वाढला. दीर्घकाळ अर्थमंत्री राहिलेले ओमर डेव्हिस यांचे धोरण महागाई हा गरिबांचा मोठा शत्रू आहे या भूमिकेवर उभे होते, आणि ती भूमिका खोटी नव्हती. महागाई सर्वांच्या ताटातले घास काढते. तिच्यावरचा उपाय मात्र थोड्यांच्या हातातले काम काढून घेतो आणि पुढच्या पिढीचे कारखाने उभेच राहू देत नाही. आजचे दुःख दिसते, उद्याचे न उभारलेले दिसत नाही. म्हणून हिशेबात ते नेहमी गळते.

व्याजासाठी कर्ज

सर्वांत मोठा कर्जदार स्वतः सरकार होते. उंच व्याजाने चलन वाचवावयाचे, तर आपल्याच कर्जावर उंच व्याज भरावे लागे. ते भरण्यासाठी नवे कर्ज. नव्या कर्जाने सावकार साशंक. म्हणून व्याज आणखी उंच. फिन्सॅकचा बोजाही त्यातच मिळाला. नव्या शतकाच्या पहिल्या दशकात सरकारी उत्पन्नाचा फार मोठा वाटा केवळ व्याज आणि परतफेड यांत जाऊ लागला. उरलेल्यात रस्ते, पाणी, शाळा, पोलीस यांचे भागवावयाचे. व्याजदर हळूहळू उतरले आणि २००७ पर्यंत बेकारी दहा टक्क्यांच्या जवळ आली, पण पाया पोकळच होता. २००८ च्या जागतिक संकटाने तो खचला. २००९ मध्ये बॉक्साइटपासून अल्युमिना करणाऱ्या चारपैकी तीन कारखान्यांनी काम थांबविले. चलन वाचविण्यासाठी पुन्हा तोच व्याजवाढीचा काढा देण्यात आला. बेकारी पुन्हा वर चढली आणि २०१३ मध्ये पंधरा टक्क्यांना भिडली. सरकारी कर्ज वर्षाच्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या दीडपटीजवळ पोचले.

ओझ्याची वाटणी

मग जे घडले ते आमच्या मते या कथेतील सर्वांत अर्थपूर्ण प्रकरण होय. जानेवारी २०१० मध्ये सरकारने देशांतर्गत कर्जरोखे धारण करणाऱ्या बँका, विमा कंपन्या आणि इतर गुंतवणूकदार यांना विनंती केली की जुने रोखे परत द्या आणि कमी व्याजाचे, लांब मुदतीचे नवे घ्या. सुमारे ७०० अब्ज जमैकी डॉलरच्या या अदलाबदलीत जवळजवळ सर्वांनी भाग घेतला. पहिला प्रयत्न पुरा पडला नाही, म्हणून फेब्रुवारी २०१३ मध्ये दुसऱ्यांदा तोच प्रयोग झाला. सरकारी नोकरांनी अनेक वर्षे पगारवाढीविना काढली. सरकारने व्याज सोडून उरलेल्या जमाखर्चात राष्ट्रीय उत्पन्नाच्या साडेसात टक्के शिल्लक टाकण्याचे बंधन स्वीकारले. जुलै २०१३ मध्ये सरकार, विरोधी पक्ष, उद्योजक, कामगार संघटना आणि नागरी संस्था यांनी एका सामाजिक करारावर सह्या केल्या. या कार्यक्रमावर नजर ठेवणाऱ्या समितीत सरकारबाहेरची माणसेही होती आणि ती लोकांना वेळोवेळी अहवाल देत. २०१६ मध्ये सत्ता बदलली, पण शिस्त बदलली नाही. मॅन्ली आणि सिआगा यांच्या अनुयायांत पूर्वी गोळ्या झाडल्या जात, हे आठवले म्हणजे या सातत्याचे मोल कळते.

परिणाम सावकाश आला. कर्ज घटू लागले, मध्यवर्ती बँकेने महागाईला लक्ष्य मानले आणि ते धोरण लोकांना समजावे म्हणून चक्क रेगे संगीताच्या जाहिराती काढल्या. ऑगस्ट २०१९ मध्ये तिचा मूळ दर अर्ध्या टक्क्यावर आला. ऑक्टोबर २०१९ मध्ये बेकारी ७.२ टक्के झाली. कोरोनाच्या साथीत, जुलै २०२० मध्ये, ती १२.६ वर उसळली. पण ऑक्टोबर २०२३ मध्ये ४.२ टक्के इतकी खाली आली. हॉटेले, बांधकाम आणि परदेशी ग्राहकांचे दूरध्वनी घेणारी केंद्रे यांत बरीच कामे निघाली. त्यांतील पुष्कळ कामे अल्प वेतनाची आहेत, लोकसंख्येची वाढ मंदावल्याने काम मागणारे नवे हातही कमी झाले आहेत, हेही खरे. तरीही सहा-सात वर्षांच्या अंतराने शाळा सोडलेल्या दोन बहिणींच्या नशिबात पडलेले हे अंतर लहान नव्हे.

या उत्तरार्धातच आमच्या प्रश्नाची खरी कसोटी आहे. सप्टेंबर २०२१ च्या अखेरीपासून नोव्हेंबर २०२२ पर्यंत जगभरच्या महागाईला तोंड देण्यासाठी मध्यवर्ती बँकेने आपला दर अर्ध्या टक्क्यावरून सात टक्क्यांवर नेला. चौदा पट वाढ! आणि तरीही बेकारी घटत राहिली. मग व्याज आणि बेकारी यांचा संबंध नाही असे म्हणावयाचे का? आमच्या मते, संबंध आहे, पण तो सरळ रेषेचा नाही. एप्रिल २०२२ मध्ये महागाई ११.८ टक्के असताना सात टक्क्यांचा दर म्हणजे काही गळफास नव्हे. त्याहून महत्त्वाचे असे की, या वेळी दर वाढला तो बाहेरून आलेल्या ज्वरावर औषध म्हणून. १९९४ मध्ये तो वाढला होता तो सरकारच्या शब्दावर कोणाचा विश्वास उरला नव्हता म्हणून. पहिल्या प्रसंगी सावकाराला दर वाढवून बोलवावे लागत होते; दुसऱ्या प्रसंगी सरकारला त्याच्या दारी फारसे जावेच लागत नव्हते.

लहान देशाला स्वतःचा व्याजदर मनासारखा ठरविता येतो, हा भ्रम आहे. त्याच्या मागील वीस वर्षांच्या जमाखर्चाचे बिल व्याजाच्या रूपाने येते. ते बिल फाडून टाकता येत नाही. १९७० नंतरच्या दशकात ते फाडण्याचा प्रयत्न झाला आणि ते १९९१ च्या महागाईच्या रूपाने परत आले. मात्र ते कोणी भरावयाचे, हे ठरविणे देशाच्या हाती असते. १९९० नंतरच्या दशकात ते लहान उद्योजकाने, शिवणकारखान्यातील कामगार स्त्रीने आणि पहिली नोकरी शोधणाऱ्या मुलीने भरले, आणि ज्यांच्यापाशी पैसा होता त्यांना वर व्याज मिळाले. २०१० आणि २०१३ मध्ये पैसा असणाऱ्यांनाही पंक्तीत बसवून त्यांच्या वाट्याचे बिल त्यांच्यापुढे ठेवण्यात आले. जमैकात कामाची दारे किलकिली झाली ती त्यानंतर.

व्याजदराची बातमी पुन्हा कधी वाचनात आली, तर देणारा आणि घेणारा यांच्याबरोबर त्या तिसऱ्या माणसाकडेही वाचकांनी एकदा पाहावे, एवढीच आमची विनंती. तो बातमीत नसतो. किंग्स्टनच्या बाजारात चार टोपल्यांमागे बसलेल्या बाईसारखा तो आकड्यांच्या मागे बसलेला असतो, आणि बिल त्याच्या टोपलीत टाकणे सर्वांनाच सोयीचे वाटत असते.